प्रश्न, कादंबरी आणि शिफारस

नव्या कादंबरीची शिफारस करताना आपण बहुधा तिच्या विषयापासून सुरुवात करतो. अमुक कादंबरी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आहे, तमुक धरणग्रस्तांवर आहे, आणखी एखादी स्त्रियांच्या राजकीय सहभागावर आहे, असे सांगितले की शिफारस पूर्ण झाली असे सांगणाऱ्याला वाटते आणि ऐकणाऱ्यालाही ते पुरेसे वाटते. परीक्षणे, चर्चासत्रांतील निबंध, पदव्युत्तर वर्गांसाठी केलेल्या याद्या या सर्व ठिकाणी हीच रीत दिसते. ‘समकालीन कादंबरीतील शेतकऱ्यांचे चित्रण’ किंवा ‘विस्थापितांचे चित्रण’ अशा धाटणीच्या प्रबंधविषयांमागेही हीच धारणा आहे. तिच्यात सामाजिक आस्था आहे यात शंका नाही. तथापि या रीतीमुळे कादंबरी आणि तिचा वाचक या दोघांचेही नुकसान होत असते, आणि त्याची जबाबदारी मुख्यतः समीक्षेकडे जाते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नुकसान दोन प्रकारचे आहे. विषयाच्या नावाने हाती आलेली कादंबरी वाचक माहितीसाठी वाचतो. ती माहिती त्याला वृत्तपत्रातून वा अहवालातून आधीच मिळालेली असेल, तर ‘हे सारे ठाऊकच आहे’ असे म्हणून तो पुस्तक मिटवतो. दुसरीकडे, विषयाच्या नावानेच बिचकणारा रसिकही आहे. प्रश्नप्रधान म्हणजे प्रचारकी, असे समीकरण त्याने मनाशी बांधलेले असते. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला कलावाद-जीवनवादाचा झगडा इतिहासजमा झाला असला, तरी त्याने घालून दिलेली विभागणी आपल्या बोलण्यातून गेलेली नाही. प्रश्नासाठी कादंबरीला गुण देणारा आणि प्रश्नासाठीच तिचे गुण कापणारा, असे दोघेही प्रश्न कादंबरीबाहेर, आधीच तयार होऊन उभा आहे असे गृहीत धरतात. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे.

मराठी कादंबरीच्या बाबतीत तर ते विशेषच आवश्यक आहे. कारण आपल्याकडे कादंबरी या प्रकाराचा जन्मच एका प्रश्नाच्या पोटी झाला. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 साली झाला आणि बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली आली. ‘हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे तिच्या शीर्षकाचेच उपांग होते. तिच्यात यमुना प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिकती तिच्या आणि वाचकाच्या कानी पडतात. पुढे हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’मधून 1890 पासून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध केली. प्रश्न तोच होता. योगायोगाने नायिकेचे नावही तेच. परंतु हरिभाऊंची यमू प्रवास करून इतरांच्या कथा गोळा करीत नाही. ती स्वतःची कथा सांगते. जे तिला लहानपणी उमगले नव्हते आणि आता उमगते आहे, त्या दोहोंमधील अंतर तिच्या प्रत्येक वाक्यात असते.

केशवपनाची रूढी आज राहिलेली नाही. तो प्रश्न ज्या रूपात 1890 च्या दशकात होता त्या रूपात उरलेला नाही. तरीही यमूचे आत्मकथन आपण वाचतो आणि अस्वस्थ होतो. केवळ प्रश्नामुळे कादंबरीला मोल आले असते, तर प्रश्नाबरोबर ते ओसरायला हवे होते. उलट, प्रश्नाशी कादंबरीचा संबंध नाही असे म्हणावे, तर यमूचा आवाज घडला कशातून हेच सांगता येणार नाही. तो आवाज त्या प्रश्नातूनच घडला. मात्र कायद्याच्या मसुद्याला किंवा सुधारकाच्या व्याख्यानाला जे सांगता येत नव्हते ते त्याने सांगितले. आपल्याला वाढवणाऱ्या, आपल्यावर माया करणाऱ्या माणसांच्याच हातून अन्याय होतो तेव्हा तो सोसणाऱ्याला कसा दिसतो, हे ते सांगणे होय.

यातून शिफारशीसाठी एक साधी कसोटी हाती लागते. कादंबरीतील प्रश्न वेगळा काढून त्याचे टिपण केले, तर कादंबरीत काय शिल्लक राहते? आणि जे शिल्लक राहते त्याच्या आधारे त्या प्रश्नाविषयी आपण काही नवे जाणतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे आले तर पुस्तक टिपणापुरतेच आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आले तर प्रश्न केवळ पार्श्वभूमीचा पडदा म्हणून वापरला गेला आहे. दोन्ही उत्तरे सकारात्मक आली तर त्या कादंबरीची शिफारस निःसंकोचपणे करावी. ही कसोटी अलीकडच्या काही कादंबऱ्यांना लावून पाहता येईल.

धरणामुळे होणारे विस्थापन हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील जुना प्रश्न. 1921 ते 1924 या काळातील मुळशी सत्याग्रहापासून कोयनेच्या धरणग्रस्तांपर्यंत आणि तेथून पुढे त्याची मालिका लांबत गेली. राज्याने 1976, 1986 आणि 1999 असे तीनदा पुनर्वसनाचे कायदे केले. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ 1991 साली प्रसिद्ध झाली आणि 1992 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक स्वतः प्रशासनात होते. कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो, मोबदल्याची रक्कम वाटेत कशी झिजते, पर्यायी जमीन कागदावर असते आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच्या ताब्यात असते, हे सारे या कादंबरीला आतून ठाऊक आहे. ‘झाडाझडती’ म्हणजे कसून घेतलेली तपासणी. तपासणी यंत्रणेची व्हायला हवी. प्रत्यक्षात ती गाव गमावलेल्यांचीच होत राहते, हा उपरोध शीर्षकापासून कार्य करतो. खैरमोडे गुरुजींसारखी व्यक्तिरेखा न्यायाची भाषा बोलत राहते आणि कार्यालयाची भाषा तिला दाद देत नाही. या दोन भाषांचा संघर्ष हे कादंबरीचे खरे आशयसूत्र म्हणता येईल. तिच्यात पात्रांची दाटी आहे, काही ठिकाणी तपशिलाचा भार कथनाला वाकवतो आणि करुण प्रसंगांची पुनरावृत्तीही जाणवते. मात्र हा पसारा संपूर्णतः दोषास्पद मानता येणार नाही. विस्थापन ही एका नायकाची शोकात्मिका नसून गावाची विखुरण आहे, हे त्या पसरटपणातूनच अनुभवास येते.

सुमारे पाव शतकानंतर कृष्णात खोत यांनी ‘रिंगाण’मध्ये तोच प्रश्न घेतला. या कादंबरीला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. विषयाच्या नावाने शिफारस केली तर ‘आणखी एक धरणग्रस्तांची कादंबरी’ एवढेच तिच्याबद्दल सांगून होईल, आणि ‘झाडाझडती’ वाचलेला वाचक ती बाजूला ठेवील. प्रत्यक्षात येथे कार्यालय जवळजवळ दृष्टिआड झाले आहे. विस्थापित कुटुंबातील माणूस मागे राहिलेल्या म्हशीला आणण्यासाठी सोडलेल्या गावाकडे जातो, आणि जे जनावर आपले म्हणून तो शोधतो ते आता माणसाचे राहिलेले नसते. या एका घटनेच्या आधारे खोत विस्थापनाचा अर्थच बदलून टाकतात. जमीन, घर, मोबदला यांची मोजदाद करता येते. जनावर, रान आणि माणूस यांच्यामध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला परस्पर ओळखीचा करार मोडला, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? कायदे तीनदा झाले, तरी त्यांपैकी एकातही याला जागा असण्याचे कारण नव्हते. जे कायद्याच्या कक्षेबाहेरच राहणार, ते येथे कथनाचे केंद्र झाले आहे. ‘झाडाझडती’ आणि ‘रिंगाण’ या एकाच प्रश्नावरच्या दोन कादंबऱ्या नाहीत. विस्थापन म्हणजे काय याची ती दोन निरनिराळी ज्ञाने आहेत, आणि म्हणून त्या एकापाठोपाठ एक वाचाव्यात अशी शिफारस करता येते.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ 2002 साली आली. 2004 साली तिला साहित्य अकादमीने गौरविले. त्याच वर्षी केंद्र सरकारने एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शेतकरी आयोग नेमला. ‘शेतकरी आत्महत्यांची कादंबरी’ असे लेबल तिला सर्रास लावले जाते आणि तेच तिच्या वाचनाच्या आड येते. वृत्तपत्रीय नोंद मृत्यूपासून सुरू होते व मृत्यूपाशीच थांबते. या कादंबरीचे शीर्षकच मुळी बारा महिन्यांचे आहे. ती घटना मोजत नाही, वर्ष मोजते. एम.ए., बी.एड. झालेला एकनाथ शिक्षकाच्या नोकरीसाठी मागितली जाणारी रक्कम उभी करू शकत नाही आणि शेतीत राहतो. शिक्षणाने त्याला शेतीपासून तोडले आहे आणि नोकरीने आत घेतलेले नाही. या अधांतराचा परिणाम त्याच्या संसारावर, पत्नीशी असलेल्या नात्यावर कसा होत जातो, हे देशमुख सावकाश दाखवतात. संवादांतील वऱ्हाडी बोली केवळ स्थानिक रंगासाठी आलेली नाही. टोमणा, आडवळण, म्हण यांतून घरातली माणसे एकमेकांना जे बोलतात ते प्रमाणभाषेत बोलताच आले नसते. शेतीतील अरिष्ट घराच्या उंबऱ्याच्या आत काय करते, हे आयोगाच्या अहवालातून कळणारे नाही. ज्याला ‘बारोमास’ संथ वाटते त्या वाचकाला एवढे सांगावे की हा संथपणा तिच्या ज्ञानाचा भाग आहे.

कविता महाजन यांच्या ‘ब्र’ (2005) या कादंबरीचा उल्लेख अखेरीस करतो, कारण ती आपल्याला पुन्हा पहिल्या यमुनेकडे नेते. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. त्यातून निवडून आलेल्या आदिवासी स्त्रियांचे अनुभव नोंदवत प्रफुल्ला ही स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ती फिरते. पर्यटन करणारी नायिका आणि वाटेत भेटणाऱ्या स्त्रियांच्या हकिकती, हा रूपबंध ‘यमुनापर्यटन’चाच आहे. काही ठिकाणी हकिकतींची रास होते आणि कादंबरी टिपणवहीच्या जवळ जाते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पदमनजींची यमुना आपल्या श्रद्धेविषयी निःशंक होती. प्रफुल्ला तशी नाही. मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेली ही स्त्री इतरांना बोलते करता करता स्वतःच्या मौनापाशी येऊन पोहोचते. इतरांचे दुःख नोंदविण्याचा अधिकार मला कोणी दिला, आणि माझी संस्था त्या दुःखाचे काय करते, असे प्रश्न ती स्वतःला विचारू लागते. ‘ब्र’ न काढणे हा वाक्प्रचार येथे केवळ निवडून आलेल्या स्त्रियांना लागू होत नाही. माहिती गोळा करणाऱ्या जाणिवेचीच चौकशी झाल्यामुळे जुना रूपबंध नवा अर्थ देऊ लागतो.

या विवेचनावरून रूप हेच सर्वस्व, असा निष्कर्ष कोणी काढू नये. चारही कादंबऱ्यांचे रूप त्यांच्या प्रश्नाने घडवले आहे. पसारा, एकच शोध, वर्षाचे आवर्तन, हकिकतींची फेरी हे निरनिराळे आकार त्या त्या प्रश्नाला भिडताना लेखकाला सापडले आहेत. म्हणूनच शिफारस करणाऱ्याने केवळ ‘कशावर’ एवढे सांगून थांबू नये. या कादंबरीने त्या प्रश्नात असे काय पाहिले जे इतरत्र दिसत नव्हते, हे एका तरी वाक्यात सांगावे. ते वाक्य सापडत नसेल तर एक तर आपले वाचन अपुरे आहे किंवा कादंबरी. यांपैकी नेमके काय ते ठरवणे हे समीक्षेचे काम होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे याचा व्यावहारिक परिणामही आहे. ‘चित्रण’ हा शब्द शीर्षकात आला की प्रबंध हमखास प्रश्नाच्या पोटविभागांची यादी होतो आणि कादंबऱ्या त्या यादीला पुरावे म्हणून जोडल्या जातात. असा पुरावा अहवालातून अधिक नेमका मिळतो. त्यासाठी कादंबरीची गरज नाही. याउलट एकाच प्रश्नावरच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून त्यांच्यातील भेदाचा शोध घेतला, तर प्रश्नही अधिक कळतो आणि कादंबरी हा प्रकारही. धरणाचे पाणी चढल्यावर बुडालेल्या गावांची यादी महसूल खात्याकडे असते. तेथे मागे राहिलेल्या म्हशीची आठवण ठेवणारे पुस्तक मराठीत लिहिले गेले आहे, हे वाचकाला सांगणे एवढे तरी समीक्षेने करावयास हवे.