फडातल्या मुलीचे आत्मकथन कोणी लिहायचे?

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात जातीची चर्चा आहे, भुकेची आहे, बाबासाहेबांच्या प्रेरणेचीही आहे. परंतु या पुस्तकांत एक मुलगी मोठी होत असते, या साध्या वस्तुस्थितीकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. गरीब वस्तीतल्या मुलीचे वयात येणे ही निव्वळ शरीराची घटना नसते. त्या दिवसापासून तिच्यावर घराची, वस्तीची आणि गावाची अशी तिहेरी नजर बसते. या नजरेची नोंद करणे हे साहित्याचे काम आहे. ते काम आपल्याकडे कुठवर झाले आहे, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे. त्यासाठी मी जुन्नर-आंबेगावचा मुलूख समोर ठेवते. या मुलखातल्या एका मुलीबद्दल साऱ्या महाराष्ट्राला खूप काही ठाऊक आहे. तिच्या स्वतःच्या हातचे आत्मकथन मात्र आपल्याजवळ नाही.

प्रथम एका परक्या पुस्तकाविषयी. सान्द्रा सिस्नेरोस या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लेखिकेचे ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ हे पुस्तक १९८४ साली निघाले. शिकागो शहरातली स्पॅनिश बोलणाऱ्या गरिबांची वस्ती, आणि तिथे वाढणारी एस्पेरांझा नावाची मुलगी. लहान लहान चव्वेचाळीस प्रकरणे. तिच्या नावाचा अर्थ आशा. हेच नाव असलेली तिची पणजी आयुष्यभर खिडकीशी बसून राहिली. तू इथे राहतेस का, असे एक जोगीण शिक्षिका तिला विचारते, आणि मुलीला आपल्या घराची लाज वाटू लागते. तिची एक मैत्रीण बापाच्या मारातून सुटण्यासाठी कोवळ्या वयात लग्न करते आणि नवऱ्याच्या घरात कोंडली जाते. स्वतः एस्पेरांझावर जत्रेत अत्याचार होतो. अखेरीस ती ठरवते की आपण ही वस्ती सोडायची. परंतु ज्यांना सोडता येत नाही त्यांच्यासाठी परत यायचे.

हा शेवट आपल्या वाचकाला परका वाटू नये. शिकून पुढे गेलेल्याने मागे राहिलेल्यांकडे वळले पाहिजे, हा आंबेडकरी चळवळीचाच आग्रह आहे. एके काळी आपण निग्रो साहित्याकडे भावकीच्या नात्याने पाहिले. १९७२ साली ‘दलित पँथर’ हे नाव घेतले तेही त्याच नात्याने. पण ती भावकी पुरुषांची होती. शिकागोच्या गल्लीतल्या मुलीचे नाते आपल्या कोणत्या मुलीशी, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

आता आपली पुस्तके पाहू. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१चे. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही दोन्ही पुस्तकरूपाने १९८६ साली आली. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३चे. या क्रमात एक गोष्ट स्पष्ट दिसते. आरंभीच्या लेखिका ‘मी’ म्हणायला बिचकतात. बेबीताईंच्या शीर्षकातच ‘आमुचं’ आहे. त्या महारवाड्यातल्या कोवळ्या सुनांविषयी लिहितात, पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात घातल्या जाणाऱ्या लाकडी खोड्याविषयी लिहितात. पण स्वतःच्या नवऱ्यापासून लपवून वीस वर्षे हे लिखाण सांभाळले, ही हकीकत पुस्तकाबाहेर मुलाखतीत सांगतात. ‘आयदान’मध्ये हा पडदा दूर होतो. अंगणात आयदाने विणत बसलेली आई मुलीला मारणाऱ्या गुरुजींना अडवून जाब विचारते, हा प्रसंग जितक्या ठसठशीतपणे येतो, तितक्याच उघडपणे मासिक पाळी, शरीराचे कुतूहल, लग्नाची पहिली रात्र आणि लिहिणाऱ्या बायकोविषयी नवऱ्याच्या मनातली अढीही येते.

काही समीक्षक म्हणतात की व्यक्तीच्या वाढीची कहाणी हा मध्यमवर्गीय साहित्यप्रकार आहे. दलित आत्मकथन हे समूहाचे असते, त्यात ‘मी’ला महत्त्व नाही. हे मत मला मान्य नाही. समूहाचा ‘आम्ही’ थोर खरा, परंतु त्या ‘आम्ही’त मुलीची वेदना सहज विरघळून जाते. गावाने वस्तीवर केलेला अन्याय ‘आम्ही’च्या भाषेत सांगता येतो. वस्तीतल्याच माणसाने वस्तीतल्या मुलीवर केलेला अन्याय सांगायला ‘मी’च लागतो. पुरुषाने आपल्या आत्मकथनात ‘मी’ म्हटले तेव्हा तो विद्रोह ठरला, आणि स्त्रीने म्हटले की ती समूहापासून तुटली. हा न्याय नव्हे.

या कसोटीवर नारायणगावकडे पाहावे. जुन्नर तालुक्यातले हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. चैत्रातल्या जत्रा जवळ आल्या की येथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात आणि सुपारी देऊन खेळ ठरवून जातात. याच गावचे नाव लावणारा भाऊ-बापू मांग यांचा फड. भाऊंची मुलगी विठाबाई. जन्म १९३५, पंढरपूर. लहानपणीच ती वडिलांच्या फडात उभी राहिली. १९५७ आणि १९९० अशी दोनदा तिला राष्ट्रपतींच्या हस्ते पदके मिळाली. १९६२च्या युद्धकाळात तिने जवानांसमोर कला सादर केली. अखेरचा काळ पैशाच्या विवंचनेत आणि आजारपणात गेला, आणि जानेवारी २००२ मध्ये तिचे निधन झाले. आज तिच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.

विठाबाईंची एक कथा सर्वांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती, कळा आल्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभी राहिली. ही कथा सांगताना सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो आणि ‘केवढी कलेवरची निष्ठा!’ असा उद्गार निघतो. माझा आक्षेप या उद्गाराला आहे. खेळ थांबला तर सुपारी बुडते, फडातल्या माणसांचे पोट बुडते, सावकाराचे कर्ज अंगावर राहते. नऊ महिन्यांच्या बाईला नाचावे लागते ते या हिशेबापायी. समोर बसलेला प्रेक्षक खेळ पुरा झाल्याशिवाय उठत नाही. त्या रात्रीत निष्ठा किती आणि सक्ती किती, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या विठाबाईंचा होता. आपण तो त्यांच्या हातून काढून घेतला आणि सक्तीला निष्ठेचे गोंडस नाव दिले. योगीराज बागूल यांनी विठाबाईंचे चरित्र लिहून मोठे काम केले, यात शंका नाही. परंतु चरित्र हे दुसऱ्याच्या हातचे असते. फडात मुलगी वयात आली तेव्हा तिला काय वाटले, हे तिच्याच शब्दांत यावे लागते.

तमाशातल्या मुलीविषयी बोलणारे कमी नाहीत. १९५९चा ‘सांगत्ये ऐका’, १९७२चा ‘पिंजरा’, २०१०चा ‘नटरंग’: मराठी पडद्याला ही बाई सतत लागत आली आहे. ‘पिंजऱ्या’त तर तिच्यापायी एक आदर्श मास्तर धुळीला मिळतो, म्हणजे प्रश्न त्याच्या शीलाचा, तिच्या जगण्याचा नव्हेच. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहून संगीत बारीतले सत्य उघड केले. मुलगी वयात आली की ‘चिरा उतरवणे’ म्हणून तिला पैसेवाल्याच्या हवाली करण्याची रूढी त्यात आहे. ढोलकीफडाचा तमाशा वेगळा, संगीत बारी वेगळी. जातीही वेगळ्या, दोहोंची सरमिसळ करू नये. पण वयात येण्याला बाजारभाव कसा लागतो, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे क्वचितच आले होते. तेही लिहिले मुलाने. आई शांताबाई मुलाच्या नावात राहिली.

येथे चळवळीनेही स्वतःला प्रश्न विचारावा. १८८०च्या दशकात याच जुन्नर भागात, ओतूरला, सत्यशोधकांनी भटजीविना लग्न लावण्याचा हक्क बजावला आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढले. बाबासाहेबांनी १९३६ साली कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी त्यांनी नाकारली, असेही सांगतात. त्या नकारामागची भूमिका स्वच्छ होती: आमच्या बायकांच्या अंगावर मिळवलेला पैसा आम्हाला नको. परंतु पुढे आपण त्या नकाराचा सोपा अर्थ लावला. व्यवस्थेला नकार देण्याऐवजी त्या बाईलाच नकार दिला. शिकलेल्या वस्तीला फडातली मुलगी आपली म्हणवेना. महारवाड्याने आणि मांगवाड्याने तिला टाळले, प्रस्थापितांनी तिला ‘लोककला’ करून काचेच्या कपाटात ठेवले.

येरवड्याच्या झोपडपट्टीत वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ साली ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या इंग्रजी ग्रंथात हाच गुंता उलगडला आहे. अश्लील ठरवली गेलेली बाई माणुसकीचा दावा कसा करते, असा त्यांचा प्रश्न आहे. वस्तीतून निघून वस्तीकडे परत वळण्याचे हे आपल्या घरचे उदाहरण. पण तो अभ्यास आहे, आत्मकथन नव्हे, आणि इंग्रजीत आहे.

एस्पेरांझाला स्वतःचे घर हवे होते. फडातल्या मुलीचे घर म्हणजे आठ महिने ट्रक आणि राहुटी. तिला लिहायला कोपरा नाही, शाळेचे वर्ष पुरे होत नाही, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. म्हणून केवळ ‘तिने लिहावे’ असे म्हणून आपली सुटका नाही. फडातल्या मुलींना वसतिगृह हवे, उचलीच्या हिशेबाचा कागद त्यांच्या हाती हवा, आणि त्या बोलतील तेव्हा त्यांच्या बोलीत हात न घालणारे संपादक हवेत. बेबीताईंनी दुकानात बसून, रद्दीच्या कागदाआड दडवून लिहिले. तसेच पुस्तक नारायणगावच्या राहुटीतूनही येऊ शकते. ते आले म्हणजे त्यात ढोलकीचा ठेका किती आणि लावणीचा ठसका किती, हे मोजत बसू नये. त्यात आपल्यावरही काही आरोप असतील. ते पूर्ण वाचावेत, आणि मग उत्तर द्यावे.