वैद्याचे वेषांतर

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की गड, फितुरी आणि रणांगण यांपलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. वैद्य आलाच तर राजाच्या मरणशय्येशी नाडी पाहून मान हलविण्यापुरता. नोआ गॉर्डन या अमेरिकन लेखकाच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फिजिशियन’ या कादंबरीत मात्र नायकाचे सारे साहस एकाच ध्यासापोटी आहे : मनुष्यदेह आतून कसा असतो, ते कळावे.

कथा १०२१ साली लंडनमध्ये सुरू होते. रॉब कोल हा पोरका मुलगा गावोगाव हिंडणाऱ्या एका न्हाव्याच्या पदरी पडतो. हा न्हावी दाढी करतो, दात उपटतो, हाडे बसवितो आणि चेंडूंचे खेळ करून गर्दी जमली की मद्यात कालविलेले सर्वरोगहारी औषध विकतो. हा भाग मला सर्वांत सरस वाटला. लबाडी आणि खरी करुणा एकाच माणसात कशी नांदते, हे लेखकाने कोठेही उपदेश न करता दाखविले आहे. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरात वाचनाला रात्रच काय ती मिळते. या न्हाव्यापायी दोन रात्री झोपेविना गेल्या.

पुढे इब्न सिनाची कीर्ती ऐकून रॉब यहुद्याच्या वेषात इस्फहानला निघतो. वाटेत फारसी शिकतो, शिक्षण सुरू असताना शिराझची महामारी पाहतो आणि पोटाच्या एका बाजूस उठणाऱ्या कळेने दगावलेल्या इसमाचे प्रेत चोरून फाडतो. पोटासाठी परमुलखात राहून परभाषेत कारभार करणाऱ्या आपल्यासारख्यांना रॉबची ती धास्ती सहज उमगेल.

तथापि या वेषांतराला कादंबरी जेवढे वजन देते, तेवढे इतिहास देत नाही. इब्न सिनाचा स्नेही अबू सहल अल्-मसीही हा ख्रिस्तीच होता, आणि पूर्वेकडील दरबारांत ख्रिस्ती वैद्यांना मान होता. हिंदुस्थानही येथे मुख्यतः हत्ती आणि पोलाद यांपुरताच डोकावतो. चरक-सुश्रुतांचे ग्रंथ इब्न सिनाच्या आधीच अरबीत उतरले होते, आणि प्रेत पाण्यात कुजवून शरीराचे थर पाहण्याची रीत सुश्रुताने सांगून ठेविली होती. इस्फहानच्या विद्यार्थ्यांत याची चर्चा झाली असती, तर रॉबची चोरी अधिकच अर्थपूर्ण झाली असती.

रॉबच्या नेमके उलट वेषांतर आपल्या भूमीवर घडले आहे. यहुदी वंशाचा गार्सिया द ओर्ता १५३४ साली ख्रिस्ती म्हणून गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले आणि १५६३ साली गोव्यातच आपला औषधींवरील संवादग्रंथ छापविला. ग्रीक ग्रंथकारांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या वनस्पतीवर त्याचा विश्वास अधिक. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी धर्मन्यायासनाने त्याच्या बहिणीस जिवंत जाळले, आणि १५८० साली त्याची हाडेही उकरून जाळली.

लपविलेला धर्म, दरबार, विद्या, सूड : कादंबरीकाराला आणखी काय हवे? शिवाय या कथेची भाषा आपलीच. पटकीचे वर्णन करताना ओर्ताने जे स्थानिक नाव नोंदविले, ते आपल्या आजीच्या तोंडची मोडशीच आहे.