विसरलेल्या तबकड्या

संस्कृत विषयाचे माझे एक सेवानिवृत्त सहकारी कर्जतला माझ्या घरीं आले म्हणजे खुर्चीवर बसण्यापूर्वीं कोपऱ्यांतील तबकड्यांच्या चळतीकडे एकवार पाहतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "काय हो, काळानें जें टाकून दिलें तें तुम्ही उचलून घरांत कां आणून ठेवतां?" त्यांच्या मतें काळासारखा दुसरा टीकाकार नाहीं. जें टिकलें तें टिकण्याजोगें होतें, जें गेलें तें जाण्याच्याच लायकीचें होतें. हा युक्तिवाद कानाला गोड लागतो, कारण त्यामुळें रसिकाची पुष्कळ मेहनत वांचते.

मी त्यांना त्यांच्याच शास्त्रांतलें उदाहरण देतों. कालिदासानें ज्याचें नांव आदरानें घेतलें त्या भासाचीं नाटकें शतकानुशतकें कोणाच्या पाहण्यांत नव्हतीं. १९०९ च्या सुमारास गणपतिशास्त्र्यांना त्रावणकोरांत ताडपत्रें सांपडलीं आणि १९१२ पासून तीं नाटकें छापून निघालीं. तीं सगळीं भासाचींच कीं काय हा वाद विद्वानांनीं अजून सोडलेला नाहीं, तो असो. पण मधल्या काळांत स्वप्नवासवदत्ताविषयीं काळानें कोणता निकाल दिला होता? कांहींच नाहीं. कसर त्या पोथीपर्यंत पोंचली नाहीं, एवढेंच घडलें.

कसरीच्या ठिकाणीं माझ्या विषयांत पाऊस आहे. मी जमवतों त्या तबकड्या, आमच्या लहानपणच्या भाषेंत 'प्लेटा', मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या, १० इंची, एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचें गाणें मावणाऱ्या. लाख, दगडाची पूड आणि काजळी ह्यांचें तें मिश्रण. हातून निसटली कीं कांचेप्रमाणें फुटते, जुनी सुई लावली कीं खरवडून निघते, आणि कर्जत-खालापूरच्या १२५-१५० इंच पावसांत माळ्यावर राहिली कीं तिच्यावर पांढरी बुरशी धरते. हिंदुस्थानांतलें पहिलें ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास झालें, आणि १९७० च्या सुमारास ह्या जातीच्या प्लेटा निघणें थांबलें. त्यानंतर बड्या कंपनीनें आपल्या भांडारांतील निवडक गाणीं मोठ्या तबकड्यांवर व पुढें कॅसेटींवर चढविलीं. आज आपण 'जुनीं अविस्मरणीय गाणीं' म्हणून डोळे मिटून ऐकतों तीं बहुतेक हींच. तेव्हां ही निवड काळानें केली असें म्हणणें धाडसाचें आहे. ती विक्रीखात्यानें केली.

ज्या कंपन्याच बुडाल्या त्यांच्या गाण्यांची निवड कोण करणार? मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचें 'यंग इंडिया' हें चिन्ह माझ्या पिढींतील वाचकांनीं आजोळच्या कपाटांत कदाचित् पाहिलें असेल. सुमारें १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षें ही स्वदेशी कंपनी चालली. नांवाजलेले गवई बड्या कंपन्यांशीं करारानें बांधलेले. तेव्हां हिनें हौशी, नवशिके, गणेशोत्सवांत किंवा शाळेच्या संमेलनांत नांव मिळविलेले गायक हाताशीं धरले. १९५५ नंतर त्यांचें पुनर्मुद्रण करण्यांत कोणाचा फायदा उरला नाहीं. आज ह्या कंपनीची हकीकत थोडीबहुत जुळली आहे तिचें श्रेय १९९० मध्यें मुंबईंत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ह्या मंडळीला आणि विशेषतः श्री. सुरेश चांदवणकर ह्यांना आहे. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांच्या योजनेंतून ह्या तबकड्यांच्या नकलाही करून ठेवण्यांत आल्या आहेत.

आमच्या दोन तालुक्यांत असा माल पुष्कळ सांपडतो, आणि त्यालाही कारण आहे. आगगाडी खोपोलीस पोंचली ती १८५६ मध्यें, बोरघाट फुटण्याच्याही सात वर्षें आधीं. मुंबईस गिरणींत वा कचेरींत चाकरीला असलेला माणूस शिमग्याला किंवा गणपतीला घरीं येई तो कधीं कधीं बगलेंत फोनो आणि ट्रंकेंत धोतरांच्या घडींत प्लेटा घेऊन येई. खोपोलीच्या वीजघरांतून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊं लागली. ती आमच्या वाड्यांच्या डोक्यावरून जाई, आंत यावयास तिला पुष्कळ वर्षें लागलीं. फोनोला मात्र चावी पुरत असे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ह्या स्टेशनांच्या आसपासच्या घरांतून मीं प्लेटा आणल्या आहेत. कांहीं विकत, कांहीं "घेऊन जा एकदांच्या" अशा आशीर्वादासह.

आतां मुख्य मुद्दा. ह्या प्लेटांत ऐकण्यासारखें काय आहे?

१९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मराठी गाण्यांत एक नवी वस्तु आली. गोविंदराव जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, हे व्यवसायानें वकील. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे ह्यांची 'शीळ' ही कविता त्यांनीं प्लेटवर गायिली आणि ती महाराष्ट्रभर झाली. तिच्याच नांवाचा देशपांड्यांचा पहिला संग्रह पुस्तकरूपानें निघाला तो १९५४ मध्यें. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ ही कविता लोकांच्या ओठांवर होती ती पुस्तकाच्या आधाराशिवाय. मराठी काव्याच्या इतिहासकारांनीं ह्या गोष्टीचा पुरेसा विचार केला आहे असें मला वाटत नाहीं. आपण कवितेचा प्रसार मासिकें व संग्रह ह्यांवरून मोजतों. त्या काळीं तो सुईच्या टोंकावरून होत होता.

ह्या यशानंतर गांवोगांवचे तरुण पेटी-तबला घेऊन त्याच वाटेनें निघाले. नाट्यपदांतील आडव्यातिडव्या तानांचा मोह सोडावयाचा, शब्द स्पष्ट म्हणावयाचे, आणि तीन मिनिटांत एक भावना उभी करून थांबावयाचें, असा हा नवा करार होता. ज्यांना तो साधला त्यांचीं नांवें राहिलीं: गजानन वाटवे हे त्यांतले अग्रणी. इतरांचें काय झालें? येथें मला प्रामाणिकपणें लिहिलें पाहिजे. माझ्या संग्रहांतील दहांपैकीं आठ गाणीं सामान्य आहेत आणि नववें सामान्याहून खालचें आहे. चाल उसनी, कविता यमकांसाठीं लिहिलेली, गायक घाबरलेला. त्यांतल्या त्यांत दया येते ती वेळेच्या भीतीनें शेवटचें कडवें धांवत म्हणणाऱ्यांची. सहकाऱ्यांचा काळ येथें बरोबर ठरतो. पण दहाव्या गाण्यासाठीं नऊ ऐकावीं लागतात, आणि तें दहावें कोणतें हें आधीं सांगणारा कोणी नसतो.

माझी पुतणी पुण्यास शिकते. ती एकदां सुटींत आली असतां माझी चळत पाहून म्हणाली, "काका, तुम्ही जें करतां तेंच मी करतें," आणि तिनें मला इंग्लंडांतल्या एका लहानशा तबकडीघराची कथा सांगितली. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स ह्या दोघांनीं १९८७ मध्यें ब्रिस्टल शहरांत 'सारा रेकॉर्ड्स' सुरू केलें. बहुतेक सात इंची तबकड्या, फील्ड माइस, ऑर्किड्स असलीं साध्या नांवांचीं तरुण मंडळें, आणि त्यांचीं लाजरीं, हळवीं गाणीं. त्याच्या आदल्याच वर्षीं तेथील एका संगीतविषयक साप्ताहिकानें अशा नव्या मंडळांची एक कॅसेट काढली होती. तिच्या नांवानें ही सारी तऱ्हाच ओळखली जाऊं लागली. टीकाकारांनीं ह्या गाण्यांना दुबळीं, बालिश म्हणून हिणविलें. १९९५ मध्यें शंभरावा क्रमांक काढून दोघांनीं आपण होऊन दुकान बंद केलें.

पुतणीनें मला त्यांतलीं पांच-सहा गाणीं ऐकविलीं. माझ्या कानांना तीं सारखींच लागलीं, हें मीं तिला सांगितलें. माझ्या प्लेटा तिला सारख्याच लागतात, हें तिनें मला सांगितलें. तरीही एक साम्य मला मान्य करावें लागलें. गळा बारीक, वाद्यें घरगुती, पण गाणाऱ्याला कोणाचें अनुकरण करावयाचें नाहीं असें कांहीं वेळां स्पष्ट ऐकूं येतें. भेद मात्र तिला मान्य झाला नाहीं. ब्रिस्टलच्या त्या दोघांनीं लहानपण व्रत म्हणून स्वीकारलें. आमच्या हौशी गायकांना तें नशिबानें मिळालें होतें, आणि बड्या कंपनीचें बोलावणें आलें असतें तर त्यांतला प्रत्येक जण पहिल्या गाडीनें मुंबईस गेला असता. मला त्यांच्या गाण्यांत जो निरिच्छपणा ऐकूं येतो तो बराचसा माझाच असण्याचा संभव आहे.

हा संशय नुसता नम्रतेपोटीं आलेला नाहीं. खालापूर तालुक्यांतील एका पडक्या घराच्या माळ्यावर मला एक प्लेट मिळाली. कागद पाण्यानें खाल्लेला, गायकाचें नांव पुसलेलें, क्रमांकही अर्धा. एका बाजूस पुरुषाचा आवाज: आवणीच्या दिवसांतली विरहाची कविता, भीमपलासाच्या वळणाची चाल. असली दुसरी प्लेट कोणाजवळ नाहीं असें समजल्यावर तर मला ती फारच आवडूं लागली. चार वर्षें मीं येणाऱ्याजाणाऱ्यास ती ऐकविली, तिच्यावर एका व्याख्यानांत दहा मिनिटें बोललों, आणि 'उपेक्षित प्रतिभा' हा शब्दप्रयोगही त्या भरांत करून गेलों.

माझी आत्या खालापूरला असते. वय नव्वदीच्या घरांत, कान शाबूत. एका पावसाळ्यांत फोनो घेऊन तिच्याकडे गेलों आणि मोठ्या अभिमानानें ती बाजू लावली. तिनें ती पुरी ऐकली आणि म्हणाली, "अरे, ह्याला आवणी म्हणजे काय तें ठाऊक नाहीं. चिखलांत वांकलेलं माणूस असा श्वास घेतं होय? शब्दाच्या पोटांत तोडतोय तो." मी कांहींसा रागावलोंच. पुन्हा लावली. आत्या म्हणाली तें खरें होतें. प्रत्येक ओळींत त्याचा श्वास शब्दाच्या मध्येंच तुटत होता, आणि चार वर्षें मीं त्या तुटण्याला व्याकुळता समजत होतों. दुर्मिळपणानें माझे कान भरले होते.

"दुसऱ्या अंगाला काय आहे?" तिनें विचारलें.

दुसऱ्या बाजूस कुण्या मुलीचें गाणें होतें. मीं तें एकदां ऐकून बाजूला ठेवलें होतें. चरा पडलेला, आवाज कोंवळा, आणि अंतऱ्यांत सूर किंचित् उतरतो. विषयही अगदीं सामान्य, सासरच्या दारांतून दिसणाऱ्या डोंगराचा. पण आत्यानें तें तीनदां लावावयास सांगितलें, आणि तिसऱ्या खेपेस मला ऐकूं आलें. दुसऱ्या कडव्याच्या शेवटीं चाल अशा जागीं येऊन थांबते कीं तेथें कोणीही त्या काळचा गायक तान घेतल्याशिवाय राहिला नसता. पेटीवाला तर तिच्यासाठीं वाट करून थांबलेलाही आहे. मुलगी तान घेत नाहीं. ती नुसता श्वास घेते, पेटी क्षणभर गोंधळते, आणि ती पुढची ओळ आधींच्यापेक्षां हळू म्हणते. डोंगर दूर आहे हें कवीला सांगतां आलेलें नाहीं, तें ह्या हळू म्हणण्यांत येतें. हें तिच्या समजुतीनें झालें कीं तान येत नव्हती म्हणून, ह्याचा निर्णय मला करतां येत नाहीं. आत्याला तो करण्याची गरज वाटली नाहीं.

सहकाऱ्यांना मीं ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे अर्धी प्लेट काळानें बरोबर फेंकली." मीं तें मान्य केलें. उरलेल्या अर्ध्या प्लेटेविषयीं ते कांहीं बोलले नाहींत, परंतु जातांना ती एकदां लावा म्हणाले.

प्लेटला आतां कडेपासून एक बारीक तडा गेला आहे, म्हणून मीं पुतणीकडून तिची नक्कल करवून घेतली. तिनें यंत्रावर खरखर पुसून, चरे भरून गाणें अगदीं स्वच्छ करून दिलें. तें मीं आत्याला ऐकविलें. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पोरीचा श्वास कुठं गेला?" खरखरीबरोबर तोही पुसला गेला होता. पुतणीनें पुन्हा बसून खरखर ठेवून दुसरी नक्कल केली आहे. तरी आषाढांत खालापूरला जातांना फोनो आणि मूळ प्लेट बरोबर न्यावी लागते.