कोसा साडीवरची चिठ्ठी

उमरेड हे रेशीमकाठी धोतरांसाठी एके काळी ओळखले जाणारे विणकरांचे गाव. तेथून भंडारा-गडचिरोलीकडे गेले की पानझडी जंगलात टसर रेशीम, म्हणजे आपला कोसा, तयार होतो. या कोशाच्या करवतकाठी साडीवर हल्ली प्रदर्शनांत चिठ्ठी दिसते : 'नैसर्गिक, पर्यावरणस्नेही, आदिवासी ज्ञानावर आधारित.' वाचून बरे वाटते. पण विज्ञान शिकवणाऱ्याने हे तिन्ही शब्द पारखून घ्यायला हवेत.

पहिला शब्द 'नैसर्गिक'. टसरची अळी ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढते. धाग्याचा मधासारखा रंग मूळचाच असतो. विणकर अंग तसेच ठेवतो, काठ तेवढा रंगीत घेतो आणि तीन धोटे चालवून अंग व काठ यांचे धागे एकमेकांत अडकवतो. त्यातूनच करवतीचे दाते उमटतात. येथे नक्षी वरून चिकटवलेली नाही, ती विणीतूनच येते. साडीचे खरे सौंदर्य यातच आहे. मात्र हा कोश इतका टणक असतो की नुसत्या पाण्यात उकळून सुटत नाही. त्याला अल्क लागते : पूर्वी राख, आता सोडा. शिवाय अखंड धाग्यासाठी आतला कोषस्थ जीव मारावा लागतो. चिठ्ठी याबद्दल गप्प आहे.

दुसरा शब्द 'पर्यावरणस्नेही'. कोसा हवा तर ऐन उभा राहिला पाहिजे, हे खरेच. धुताना या कापडातून प्लास्टिकचे तंतूही सुटत नाहीत. पण जंगलातले सगळेच कोश वेचून नेले तर पतंग कोठून येणार? आणि सोड्याचे पाणी नाल्यात सोडले तर? म्हणजे हा शब्द सशर्त आहे.

खरी गफलत तिसऱ्या शब्दात आहे. येथे अळ्या राखणारी अनेक कुटुंबे ढिवर समाजाची आहेत. महाराष्ट्रात हा समाज भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने टसर आणि कोश यांना गौण वनोपज मानले. पण अनुसूचित जमातीबाहेरच्यांना हक्कासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांना कागद जमवणे सर्वांत अवघड, त्यांचेच नाव चिठ्ठीवरून गळते.

ज्ञानाचेही तसेच. पाला संपत आला की अळ्या दुसऱ्या झाडावर नेणे, मुंग्या-पाखरांपासून त्यांना जपणे हे पिढ्यांचे निरीक्षण आहे. पण पेब्रिन रोग डोळ्यांनी पुरेसा ओळखता येत नाही. १८६५ पासून फ्रान्समध्ये पाश्चरने रेशीमकिड्यांच्या रोगांवर काम केले. त्यातून अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची रीत रुजली; टसरची रोगमुक्त अंडीही तशीच निवडतात. लोकज्ञान आणि प्रयोगशाळा येथे एकमेकींच्या विरोधात नाहीत.

तेव्हा चिठ्ठी खोटी नाही, अपुरी आहे. झाड कोणते, अळ्या कोणी राखल्या, धागा कोणी काढला, कोणी विणले आणि प्रत्येकाला काय मिळाले, एवढे लिहिले तर ती पुरी होईल.

वर्गात एक प्रयोग करा. चिमट्यात धागा धरून, शेजारी पाण्याची वाटी ठेवून, शिक्षकाने स्वतः तो पेटवावा. कोसा जळताना केसांसारखा वास येतो व राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. धागा अस्सल की नक्कल, हे ज्योत सांगेल. राखणदाराच्या वाट्याला काय आले, हे मात्र मुलांनी माणसांनाच विचारायला हवे.