गळालेल्या पानांचा हिशोब

भुईमुगावरील टिक्का रोग शिकवताना आपण ठिपके पडलेल्या पानाचे चित्र दाखवतो, बुरशीचे नाव सांगतो आणि ‘रोगप्रतिकारक वाण लावावा’ असा उपाय फळ्यावर लिहितो. वाणांच्या माहितीपत्रकांतही बहुधा अशीच मांडणी असते: वाणाचे नाव, पिकाचे दिवस, हेक्टरी उत्पादन आणि शेवटच्या रकान्यात ‘रोगप्रतिकारक’ हा एक शब्द. ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. आणि जेथे विद्यार्थ्याने थांबून विचार करावा, नेमकी तेथेच ती अपुरी पडते.

पहिली गोष्ट, टिक्का हा एक रोग नाही. लवकर येणारा आणि उशिरा येणारा असे दोन ठिपके आहेत आणि त्यांच्या बुरशीही वेगळ्या. लवकर येणारा ठिपका तपकिरी असतो. त्याचे बीजाणू बहुधा पानाच्या वरच्या बाजूस दिसतात. उशिरा येणारा जवळजवळ काळा असतो. त्याचे बीजाणू मुख्यतः खालच्या बाजूस येतात व ती बाजू खरखरीत लागते. पिवळ्या वलयावरून मात्र खात्रीने निदान करता येत नाही. तेव्हा ‘प्रतिकारक’ म्हणजे कोणत्या ठिपक्याला, हे विचारायलाच हवे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रोगट पाने गळून पडतात! समजा, एका झाडाच्या मुख्य खोडावर २० पाने आली. प्रत्येक पानाला ४ पर्णिका, म्हणजे एकूण ८०. त्यांतील ४८ गळाल्या आणि उरलेल्या ३२ वर तुरळक ठिपके आहेत. शेजारच्या झाडाच्या ८० पर्णिका शाबूत आहेत, पण ४० वर ठिपके आहेत. नुसती पाने पाहणारा पहिल्या झाडाला निरोगी म्हणेल. प्रत्यक्षात त्याने ६० टक्के पर्णिका गमावल्या आहेत. पाने गेली की शेंगा भरत नाहीत. आऱ्या कमकुवत होतात आणि उपटताना शेंगा मातीतच राहतात. म्हणूनच संशोधक १ ते ९ अंकांच्या मोजपट्टीवर गुण देताना ठिपक्यांबरोबर पानगळही धरतात. आपल्या चित्रात ही पानगळ कोठेच नसते.

तिसरी गोष्ट उत्पादनाची. टीएजी-२४ हा भाभा अणुसंशोधन केंद्राचा वाण भरघोस पिकतो, पण उशिरा येणाऱ्या ठिपक्याला सहज बळी पडतो. उन्हाळ्यात पाने फार वेळ ओली राहत नाहीत, त्यामुळे रोगाचा जोर कमी असतो. तेथील आकडा खरिपाला लावला तर फसगत होईल. जळगावचा जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, लवकर तयार होतो. असा वाण रोगाचा जोर वाढण्याआधी काढणीला येऊन वाचू शकतो, पण हे निसटणे झाले, प्रतिकार नव्हे.

उलट, प्रतिकारक्षम जुन्या वाणांत जाड टरफल, उशिरा पक्वता आणि कमी उत्पादन हे दोष वारंवार आढळले. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या जीपीबीडी-४ या वाणात प्रतिकार व उत्पादन यांचा बराच मेळ बसला. त्याच्या एका जनकाकडे हा गुण दक्षिण अमेरिकेतील अॅराकिस कार्डेनासी या रानटी जातीकडून आला होता. अशा मेळासाठी किती पिढ्यांची निवड लागते, हे त्या एका शब्दात मावत नाही.

पत्रक छोटे असावे लागते, हे मान्य. पण वर्गाला ती अडचण नाही. पुढच्या खरिपात विद्यार्थ्यांना जवळच्या शेतात न्या. दोन वाणांची प्रत्येकी दहा झाडे घ्या. खोडावरील पेरे मोजून गळालेल्या पर्णिकांचा हिशोब करा आणि काढणीच्या वेळी शेंगांचे वजन करा. दोन्ही आकडे शेजारी मांडले, की शेवटच्या रकान्यात काय लिहायचे ते मुलेच ठरवतील.