घुघुआची सहल : काय पाहायचे?

मध्य प्रदेशातील घुघुआ जीवाश्म राष्ट्रीय उद्यान १९८३ साली घोषित झाले. भुसावळहून रेल्वेने जबलपूर आणि पुढे मोटारीने तेथे जाता येते. पण ‘साडेसहा कोटी वर्षे’ एवढेच वहीत उतरवून मुले परतणार असतील, तर सहल वाया गेली.

लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात झाडे गाडली गेली आणि लाकडाची जागा सिलिकाने घेतली. त्याच दख्खनी लाव्हाचा काळा दगड आपल्या घरांच्या जोत्यांत आहे, हे शिक्षकांनी निघण्यापूर्वीच दाखवावे. ताडवर्गीय खोडात वर्षवलये नसतात, ठिपके असतात. आधी गावातले शिंदीचे कापलेले खोड मुलांना पाहू द्या. मग तिथल्या दगडातला ताड ती स्वतःच ओळखतील, पाटी न वाचता.