बेस गिटार : किंमत आणि नाद

बेस गिटार हें वाद्य आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं ऐकलेलें आहे. ओळखलेलें मात्र थोड्यांनीं. चित्रपटगीतांत तालाच्या बरोबरीनें जो एक जाड, गोल स्वर खालून चालत असतो, आणि जो थांबला म्हणजे गाण्याची जमीनच खचल्यासारखी वाटते, तो पुष्कळदां ह्या वाद्याचा असतो. ह्याच्या भक्तांत सध्यां एक वाद मोठ्या हिरीरीनें चालतो. स्वस्त बेस गिटार घ्यावी, तिच्यांतील कांहीं भाग बदलावे, आणि मग ती कित्येक पट किंमतीच्या वाद्याच्या तोडीची वाजते कीं नाहीं, हा तो वाद. प्रश्न वरवर कारागिरीचा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत रसिकतेचा आणि टीकेचा एक जुना प्रश्न दडलेला आहे, म्हणून त्याचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ह्या वाद्याचें कुळ पाहूं. सन १९५१ मध्यें कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर ह्यानें 'प्रिसिजन' नांवाची बेस गिटार बाजारांत आणिली. तत्पूर्वीं बेसच्या वादकास पुरुषभर उंचीचें वाद्य वाहून न्यावें लागे, त्याचा आवाज मोठ्या वृंदांत बुडून जाई, आणि स्वराची जागा बोटानें शोधावी लागे. फेंडरनें पडदे बसविले, त्यामुळें स्वर नेमका लागूं लागला. 'प्रिसिजन' ह्या नांवाचें मर्म तेंच. धड भरीव लाकडाचें, दांडी चार स्क्रूंनीं जोडलेली, विजेचे भाग सुटे, असा तो साधा घाट होता. आज ज्या जुन्या फेंडरसाठीं संग्राहक अफाट रक्कम मोजतात, ती मूळची कारखान्यांत सुट्या भागांतून जुळविलेली वस्तु आहे, हें विसरतां कामा नये. सन १९८२ मध्यें ह्याच कंपनीनें 'स्क्वायर' ह्या नांवाखालीं स्वस्त वाद्यें जपानांत बनविण्यास आरंभ केला. त्यांचाहि घाट तोच, आणि तारेची ३४ इंच लांबीहि तीच. स्वस्त वाद्यांत महाग भाग घालण्याची कल्पना सुचते ती ह्या घाटामुळें.

नाद येतो कोठून, हें पाहिल्याखेरीज तुलना करणें व्यर्थ आहे. सतारीचा भोपळा किंवा व्हायोलिनची पेटी स्वतः निनादते. ह्या वाद्याचें धड तर भरीव. पोलादी तारांखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यास पिकअप म्हणतात. तार कांपली कीं वेटोळ्यांत त्याच लयीनें विजेचा प्रवाह उठतो आणि ॲम्प्लिफायरमधून मोठा होऊन कानीं येतो. अर्थात् नादावर सर्वांत मोठा अधिकार वादकाच्या हाताचा, तारांचा, पिकअपचा व त्याच्या जागेचा. लाकडाच्या जातीचा त्यामानानें थोडा. म्हणून फेरफार करणाऱ्याच्या खटपटींत अर्थ आहे. तो पिकअप बदलतो, आंतली पोकळी तांब्याच्या पत्र्यानें मढवून विजेची गुणगुण कमी करतो, पडदे घासून एका पातळीस आणतो, तारांची उंची बेताची करतो. शेवटचीं दोन कामें तर केवळ मेहनतीचीं आहेत. जवारी जुळलेली नसेल तर तंबोऱ्यावरील हस्तिदंती नक्षीचा कांहीं उपयोग नाहीं, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें अधिक सांगावयास नको.

आतां तुलनेची रीत पाहूं. एका वाद्यावर कोऱ्या तारा, दुसऱ्यावर जुन्या. एकाचा आवाज किंचित् मोठा, दुसऱ्याचा लहान. आणि कोणतें वाद्य कोणतें हें ऐकणाऱ्यास आधींच ठाऊक. अशा परीक्षेचा निकाल वाद्याच्या माथीं मारणें योग्य नव्हे. मोठा आवाज कानास अधिक गोड वाटतो, हा कानाचा स्वभावच आहे. एकच वादक, एकाच जातीच्या व वयाच्या तारा, सारखी पातळी आणि नांव झांकलेलें, इतकें पथ्य पाळल्यावर भेद किती उरेल? व्हायोलिनच्या बाबतींत असा प्रयोग झालेला आहे. सन २०१० मध्यें अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २१ वादकांस, वाद्य ओळखूं येऊं नये अशा बेतानें, सहा व्हायोलिनें वाजविण्यास दिलीं. तीन नवीं, दोन स्त्रादिव्हारीचीं व एक ग्वारनेरीचें. सर्वांत अधिक पसंति एका नव्या वाद्यास मिळाली, आणि सर्वांत कमी एका स्त्रादिव्हारीस. जेथें सारी भिस्त लाकडी पेटीवर, तेथें ही गत. मग जेथें नाद वेटोळ्यांतून निघतो, तेथें किंमतीच्या आंकड्यास किती मान द्यावा? त्यांतून घरच्या लहान स्पीकरमधून सर्वांत जाड तारेचा, सेकंदास सुमारें ४१ कंपनांचा, मूळ स्वर बहुधा बाहेरच पडत नाहीं. वरचे अंशस्वर ऐकून कान तो आपण होऊन भरून काढतो.

परंतु एवढ्यावर खटला निकालांत काढणें अन्यायाचें होईल. श्रोता स्वर ऐकतो. वादक त्यावर विसंबतो. ह्या घाटाच्या वाद्यांत सर्वांत बारीक तारेवर पांचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर पुष्कळदां लवकर विझतो. त्या कंपनास दांडी स्वतःच हलूं लागते आणि तारेची शक्ति पिऊन टाकते. पिकअप बदलून हा दोष जात नाहीं. त्याचें मूळ पिकअपच्या आधींचें आहे. महाग वाद्यांपैकीं कांहींत कार्बनच्या कांबी घालून दांडी ताठ केलेली असते. तिचा उपयोग वादकाच्या हातास कळतो. मात्र जुन्या मौल्यवान फेंडरांतहि हा दोष आढळतो. तेव्हां पैसे मोजावयाचे ते प्रत्येक स्वर सारख्या भरंवशानें देणाऱ्या दांडीसाठीं, नांवासाठीं नव्हेत.

तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'हुबेहूब महागासारखी वाजते' ही स्तुति मुळांत नकलेची आहे. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या गाण्यांत जेम्स जेमर्सन ह्याचा जो नाद प्रसिद्ध झाला, त्याची सामग्री काय होती? सन १९६२ ची एक प्रिसिजन, सपाट गुंडाळीच्या व क्वचितच बदललेल्या तारा, घोडीजवळ दडपलेला स्पंज, आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. ह्यांतील तर्जनीखेरीज सर्व कांहीं विकत मिळतें. जॅको पास्टोरियस ह्याची जाझ बेसहि सन १९६२ चीच. पण तिचे पडदे काढलेले, खांचा बुजविलेल्या, आणि वर होड्यांस द्यावयाचा इपॉक्सीचा लेप. फेंडरनें जे पडदे अभिमानानें बसविले, तेच येथें उपटले गेले. सन १९७६ च्या त्याच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेंत मींड घेत गाणारा जो स्वर ऐकूं येतो, त्यांत कोणाची बरोबरी साधण्याचा हिशेब दिसत नाहीं. हवा असलेल्या स्वराचा शोध दिसतो.

तेव्हां आमचा निकाल असा. मन लावून सुधारलेली स्वस्त बेस गिटार श्रोत्याच्या कानापुरती महाग वाद्याच्या शेजारीं निःसंकोच बसूं शकते. वादकाच्या हातापुरता महाग वाद्याचा दावा कांहीं ठिकाणीं खरा आहे, आणि तो दांडीगणिक तपासावा. 'तोडीचें' हा शब्द ज्यानें उच्चारावा त्यानें आपण कानाच्या वतीनें बोलतों, हाताच्या वतीनें, कीं मालकीच्या अभिमानाच्या वतीनें, हें आधीं सांगावें. साहित्याच्या टीकेंतहि हा घोटाळा रोज होतो. प्रकाशकाचें नांव व कर्त्याची कीर्ति वाचून पुस्तकाचा रस ठरविणारे टीकाकार आमच्यांत कांहीं थोडे नाहींत. ज्या विद्यार्थ्यापाशीं स्वस्त वाद्यच आहे, त्यास हे लोक दाराबाहेर उभा करतात. आणि ज्यास भाग बदलण्याचाच नाद लागला, त्याचे रियाजाचे तास स्क्रू पिळण्यांत जातात. पहिल्यानें लाजूं नये. दुसऱ्यानें पडदे एकदां नीट घासून घ्यावेत, नव्या तारा चढवाव्यात आणि वाजवावयास बसावें.